चाळीस वॅटचा आवाज : सी. व्ही. कृष्णस्वामी चेट्टी

प्रास्ताविक

लग्नाच्या मांडवात किंवा गणेशोत्सवाच्या व्यासपीठावर एक अनुभव तुम्ही नक्कीच घेतला असेल. वक्ता मायक्रोफोनसमोर उभा राहतो, एक-दोन शब्द बोलतो आणि एकाएकी कर्ण्यातून कानठळ्या बसविणारी शिट्टी वाजू लागते. वक्त्याचा आवाज त्या शिट्टीत बुडून जातो. मग यंत्रचालक धावत येतो, मायक्रोफोन कर्ण्यापासून दूर नेतो, आवाजाची चावी थोडी मागे फिरवितो आणि सभा पुन्हा सुरू होते.

आवाज मोठा करण्यासाठी जे यंत्र आणले, तेच आवाजाचा घात का करते? रेडिओच्या आरंभकाळात या प्रश्नाने जगभरातील अभियंत्यांना आणि हौशी संशोधकांना सतावले होते. त्याच काळात मद्रास, म्हणजे आजच्या चेन्नई शहरात, एका अभियंत्याने अवघ्या चाळीस वॅट शक्तीच्या प्रक्षेपकावरून संगीत आणि भाषणे शहराच्या आकाशात सोडण्यास प्रारंभ केला. त्यांचे नाव सी. व्ही. कृष्णस्वामी चेट्टी. दक्षिण भारतातील नभोवाणीचे आद्य प्रवर्तक म्हणून ते ओळखले जातात. त्यांच्या कार्याचा आणि त्यांच्या काळातील यंत्रविद्येचा परिचय या पाठात आपण करून घेणार आहोत.

नव्या विद्येचा उदय

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विजेच्या दिव्यासारखी दिसणारी एक काचेची नळी जन्माला आली. इ. स. 1904 मध्ये इंग्लंडमध्ये जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंग यांनी तिचे पहिले रूप सिद्ध केले. दोनच वर्षांनी, 1906 मध्ये, अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी तिच्यात तारेची एक बारीक जाळी बसविली. हीच निर्वात नलिका. बोलीभाषेत आपण तिला व्हॉल्व्ह म्हणतो. जुन्या रेडिओच्या मागच्या बाजूस मंद तांबूस प्रकाशाने उजळणाऱ्या नळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ती वेगळी सांगावयास नको.

या नळीमुळे क्षीण विद्युत्‌ संदेश अनेक पटींनी मोठा करता येऊ लागला. पूर्वी बिनतारी यंत्रणेतून मुख्यतः टिंब आणि रेघ यांच्या खुणा पाठविल्या जात. आता मनुष्याचा आवाज आणि वाद्यांचे सूर सहज पाठविता येऊ लागले. इंग्लंडमध्ये 1922 साली बीबीसीची स्थापना झाली. भारतातही या विद्येचे वारे वाहू लागले. सरकारी यंत्रणेची वाट न पाहता हौशी मंडळींनी स्वतःच क्लब स्थापन केले. मुंबईच्या रेडिओ क्लबने जून 1923 मध्ये आणि कलकत्त्याच्या रेडिओ क्लबने त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये कार्यक्रम प्रसृत केले. तीन मोठ्या इलाख्यांच्या राजधान्यांपैकी मद्रास तेवढे मागे राहिले होते.

मद्रासमधील प्रारंभ

ही उणीव कृष्णस्वामी चेट्टी यांनी भरून काढली. ते अभियंते होते आणि मद्रास महापालिकेच्या कार्याशी त्यांचा संबंध होता. इंग्लंडमध्ये असताना त्यांनी या नव्या विद्येचे सामर्थ्य ओळखले. परतताना त्यांनी सोबत आणलेले सामान मोठे विलक्षण होते. प्रक्षेपकाचे सुटे भाग घेऊन ते मायदेशी आले होते. ते भाग जुळवून त्यांनी प्रक्षेपक उभा केला.

एकट्याने यंत्र उभारता येते. परंतु नभोवाणी चालवावयाची तर गायक हवेत, वक्ते हवेत, वर्गणी देणारे सभासद हवेत आणि मुख्य म्हणजे ऐकणारे हवेत. म्हणून 16 मे 1924 रोजी मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लबची स्थापना झाली. एग्मोर भागातील हॉलोवेज गार्डन येथून क्लबचे काम चाले. स्थापनेनंतर अडीच महिन्यांनी, 31 जुलै 1924 रोजी, क्लबचे प्रसारण सुरू झाले.

प्रक्षेपकाची शक्ती होती केवळ 40 वॅट. आपल्या घरात पूर्वी वापरला जाणारा एक साधा विजेचा गोळा तेवढीच वीज घेत असे. एवढ्या तुटपुंज्या शक्तीवर शहराला गाणे ऐकविण्याचा हा उद्योग होता. पुढे क्लबने प्रक्षेपकाची शक्ती 200 वॅटपर्यंत वाढविली. सायंकाळी संगीताचे आणि भाषणांचे कार्यक्रम होऊ लागले. ज्यांच्या घरी रेडिओ संच होता, त्यांना आपल्या दिवाणखान्यात बसून दूरच्या गायकाचा आवाज ऐकता येऊ लागला. त्या काळी हा चमत्कारच वाटावा, यात नवल नाही.

व्हॉल्व्हचा हट्ट

असा प्रक्षेपक चालविणे म्हणजे काय होते, हे समजून घेण्यासाठी व्हॉल्व्हची रचना थोडी पाहू. नळीच्या मध्यभागी तापणारा तंतू असतो. बाहेरच्या बाजूस धातूची प्लेट असते. या दोहोंमध्ये तारेची जाळी असते. तिला ग्रिड म्हणतात. तंतू तापला की त्यातून इलेक्ट्रॉन निघतात आणि प्लेटकडे धाव घेतात. वाटेतील ग्रिड ही जणू धरणाची दारे होत. दार किंचित हलले तरी पाण्याचा मोठा लोट कमी-अधिक होतो. त्याचप्रमाणे ग्रिडवर आलेल्या क्षीण संदेशानुसार प्लेटकडील मोठा प्रवाह बदलतो. संदेश मोठा होतो तो असा.

परंतु येथेच एक अडचण दडलेली असते. ग्रिड आणि प्लेट हे धातूचे दोन भाग एकमेकांच्या अगदी जवळ असतात. त्यांच्यामध्ये तार जोडलेली नसली, तरी त्या दोघांचे मिळून एक छोटेसे धारित्र आपोआप तयार होते. रेडिओच्या विजेची दिशा सेकंदाला लक्षावधी वेळा बदलत असते. अशी वीज त्या पोकळीतूनही थोडीशी झिरपते. प्लेटवर मोठा झालेला संदेश अंशतः पुन्हा ग्रिडवर येतो, पुन्हा मोठा होतो, पुन्हा परततो. या परत येण्याच्या क्रियेला प्रत्याभरण असे म्हणतात.

झोक्याचे उदाहरण घ्या. झोका पुढे जाऊ लागताच नेमक्या त्याच क्षणी कोणी हलकासा धक्का दिला, तर झोका अधिकाधिक उंच जातो. परत येणारा संदेश मूळ संदेशाच्या अशाच तालात मिसळला आणि पुरेसा जोरदार असला, म्हणजे व्हॉल्व्हला बाहेरच्या संदेशाची गरजच उरत नाही. तो स्वतःच झोके घेऊ लागतो. यंत्रशास्त्रात या झोक्यांना आंदोलने म्हणतात. मांडवातील शिट्टी हाच प्रकार होय. तेथे कर्ण्याचा आवाज हवेतून मायक्रोफोनकडे परततो, येथे वीज ग्रिडकडे परतते.

आंदोलने नेहमीच वाईट असतात असे मात्र नाही. अमेरिकेत एडविन आर्मस्ट्राँग या तरुण विद्यार्थ्याने 1912 मध्ये याच प्रत्याभरणाचा उपयोग करून दाखविला. थोडेसे प्रत्याभरण दिले तर एकच व्हॉल्व्ह कितीतरी अधिक काम करतो आणि ते आणखी वाढविले तर तो रेडिओलहरी निर्माण करू शकतो, हे त्यांनी सिद्ध केले. मोठ्या प्रक्षेपकात एका व्हॉल्व्हने मुद्दाम आंदोलने निर्माण करावयाची असतात. त्यानंतरच्या व्हॉल्व्हनी केवळ ती मोठी करावयाची असतात. मोठे करण्याचे काम सोपविलेला व्हॉल्व्ह स्वतःच्या मनाने आंदोलने करू लागला, म्हणजे अनर्थ ओढवतो. गाण्यात खरखर आणि शिट्या मिसळतात. प्रक्षेपक ठरलेली लहर सोडून भलत्याच लहरींवर बोलू लागतो व इतरांच्या संदेशात अडथळा आणतो. प्लेट तापून लालभडक होते आणि महागडा व्हॉल्व्ह निकामी होऊ शकतो. 1924 साली भारतात असा व्हॉल्व्ह जळाला, तर दुसरा मिळविण्यासाठी परदेशाकडे पाहावे लागे. ज्या क्लबचा संसार वर्गणीवर चालतो, त्याला हे नुकसान सोसणे कठीणच.

हा दोष केवळ प्रक्षेपकापुरता मर्यादित नव्हता. त्या वेळच्या अनेक रेडिओ संचांतही प्रत्याभरण कमी-जास्त करण्याची चावी असे. आवाज थोडा मोठा व्हावा म्हणून श्रोत्याने ती जरा अधिक फिरविली, की त्याचा संच स्वतःच छोटा प्रक्षेपक बनत असे आणि शेजारपाजारच्या सर्व संचांतून शिट्या ऐकू येत. इंग्लंडमध्ये तर श्रोत्यांनी ही चावी जपून वापरावी, यासाठी बीबीसीला वारंवार विनंती करावी लागली. स्वतःला थोडे अधिक मिळावे म्हणून हात सैल सोडणारा श्रोता स्वतःचे आणि शेजाऱ्याचे, दोघांचेही ऐकणे बिघडवीत असे.

शिट्टीला लगाम

या दोषावर उपाय शोधण्यात त्या दशकातील अनेक बुद्धिमान माणसे गुंतली होती. न्यू जर्सीमधील एका तंत्रशिक्षण संस्थेतील प्राध्यापक ॲलन हेझेल्टाइन यांनी 1923 मध्ये एक सुंदर युक्ती जगापुढे मांडली. ग्रिड आणि प्लेट यांच्यामधून झिरपणारी वीज थांबविता येत नसेल, तर तेवढीच वीज उलट तालात, दुसऱ्या छोट्या धारित्रामार्फत ग्रिडवर पोहोचवावी, असा त्यांचा विचार होता. झोक्याला एकाने पुढून धक्का द्यावा आणि त्याच क्षणी दुसऱ्याने तेवढ्याच जोराने मागून द्यावा, म्हणजे झोका जागीच राहतो. त्याचप्रमाणे दोन्ही परिणाम एकमेकांना खोडून काढतात आणि व्हॉल्व्ह शांतपणे आपले काम करतो.

याखेरीज अभियंत्यांनी अनुभवातून काही पथ्येही ठरविली. येणाऱ्या संदेशाचा भाग आणि जाणाऱ्या संदेशाचा भाग एकमेकांपासून दूर ठेवावा व मध्ये धातूचा पडदा उभा करावा. जोडणीच्या तारा शक्य तितक्या आखूड ठेवाव्यात; कारण अतिशय जलद आंदोलनांच्या दृष्टीने बोटभर सरळ तारही वेटोळ्याचे काम करते आणि कोठून तरी नको ती शिट्टी निर्माण होते. तशी शंका आल्यास ग्रिडजवळ किंवा प्लेटजवळ छोटासा रोध बसवावा, म्हणजे फाजील शक्ती त्यात जिरून जाते. वीजपुरवठ्याच्या तारांतून संदेश मागे फिरू नये म्हणून त्यांनाही धारित्रे जोडावीत. पुढे 1927 च्या सुमारास ग्रिड आणि प्लेट यांच्यामध्ये आणखी एक जाळी बसविलेले नवे व्हॉल्व्ह बाजारात आले आणि परतीची वाट बरीचशी बंद झाली.

या सर्व उपायांचे सार एकच आहे. यंत्राची शक्ती वाढविणे जितके महत्त्वाचे, तितकेच तिला मर्यादेत ठेवणेही महत्त्वाचे. शक्ती आवाजासाठी असते; आवाज शक्तीसाठी नसतो. प्रक्षेपक हाताळणाऱ्या प्रत्येकाला हे भान ठेवावे लागे.

आवाज थांबतो

मद्रासच्या क्लबपुढे यंत्राच्या अडचणींहून मोठी अडचण उभी राहिली, ती पैशाची. रेडिओ संच महाग असल्याने श्रोते मोजके आणि सभासदही मोजके. व्हॉल्व्ह, वीज आणि कार्यक्रम यांचा खर्च मात्र दररोजचा. याच सुमारास मुंबई आणि कलकत्ता येथे मोठे भांडवल घेऊन इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी उतरली. तिचे मुंबई केंद्र 23 जुलै 1927 रोजी सुरू झाले आणि सुमारे महिन्याभराने कलकत्ता केंद्रही बोलू लागले. त्या केंद्रांचे प्रक्षेपक दीड किलोवॅटचे, म्हणजे मद्रासच्या पहिल्या प्रक्षेपकाच्या जवळजवळ अडतीसपट शक्तीचे होते. मद्रासला मात्र या कंपनीचे केंद्र मिळाले नाही.

अखेर ऑक्टोबर 1927 मध्ये आर्थिक अडचणींमुळे मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लबला आपले प्रसारण बंद करावे लागले. तीन वर्षे जोपासलेला आवाज थांबला. दैवाचा खेळ असा, की त्यानंतर दोनच महिन्यांनी, डिसेंबर 1927 मध्ये, मद्रासमध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि त्याला जोडून अखिल भारतीय संगीत परिषद झाली. त्या परिषदेतूनच पुढे मद्रास म्युझिक ॲकॅडमी ही विख्यात संस्था उदयास आली. शहर सुरांनी भरून गेले होते. परंतु ते सूर दूरवर पोहोचविणारा शहराचा प्रक्षेपक मुका होता.

अशा वेळी यंत्र विकून खर्चाची भरपाई करावी, असा विचार कोणाच्याही मनात आला असता. क्लबने तसे केले नाही. आपला प्रक्षेपक त्याने मद्रास महापालिकेच्या स्वाधीन केला. या एका निर्णयाने क्लब संपला, पण त्याचे कार्य वाचले.

आवाज सर्वांचा होतो

1 मार्च 1930 रोजी मोठ्या भांडवलाची इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी तोट्यामुळे बंद पडली. 1 एप्रिल 1930 पासून मुंबई व कलकत्ता ही केंद्रे सरकारने चालविण्यास घेतली. त्याच दिवशी, म्हणजे 1 एप्रिल 1930 रोजी, मद्रास महापालिकेने आपले नियमित प्रसारण सुरू केले. एका नगरपालिकेने स्वतःची नभोवाणी चालवावी, ही त्या काळातील उल्लेखनीय घटना होती. महापालिकेचे मुख्यालय असलेल्या रिपन बिल्डिंगशी शहराचा हा नवा आवाज जोडला गेला.

क्लबच्या काळातील आणि महापालिकेच्या काळातील प्रसारणात एक महत्त्वाचा फरक होता. क्लबचे कार्यक्रम ऐकावयाचे तर घरी संच असणे आवश्यक होते. महापालिकेने मरीना समुद्रकिनारा, पीपल्स पार्क, रॉबिन्सन पार्क यांसारख्या सार्वजनिक ठिकाणी कर्णे बसविले. महापालिकेच्या काही शाळांतही रेडिओ संच आले. ज्याच्या खिशात संच घेण्याइतके पैसे नव्हते, असा हमाल, कोळी, कारकून किंवा विद्यार्थी सायंकाळी बागेत वा वाळूत बसून संगीत ऐकू शकत होता. त्यासाठी सभासदत्व नको होते आणि वर्गणीही नको होती. चेट्टी यांनी इंग्लंडहून सुट्या भागांच्या रूपाने आणलेल्या विद्येचा लाभ मोजक्या दिवाणखान्यांतून आता मोकळ्या मैदानात आला होता.

महापालिकेने हे प्रसारण आठ वर्षे चालविले. 16 जून 1938 रोजी ऑल इंडिया रेडिओचे मद्रास केंद्र सुरू झाले आणि महापालिकेने आपले काम त्याच्याकडे सोपविले. 1924 मध्ये लावलेले रोप अशा रीतीने राष्ट्रीय संस्थेच्या अंगणात पोहोचले.

समारोप

पुढील काळात रेडिओची विद्या पार बदलली. व्हॉल्व्हची जागा ट्रान्झिस्टरने घेतली. ज्या आर्मस्ट्राँग यांनी प्रत्याभरणाचा उपयोग शोधला, त्यांनीच 1933 मध्ये एफएम ही खरखर टाळणारी पद्धत सिद्ध केली. भारतात एफएम प्रसारणाचा प्रारंभ 23 जुलै 1977 रोजी झाला आणि तो मान मद्रासलाच मिळाला. 1996 मध्ये शहराचे नाव चेन्नई झाले.

तरीही जुने व्हॉल्व्ह सर्वस्वी निवृत्त झालेले नाहीत. परवाना घेऊन स्वतःच्या यंत्रावरून जगाशी संवाद साधणारे हौशी रेडिओकर्मी आजही देशोदेशी आहेत. त्यांपैकी काही जण जुन्या काळचे व्हॉल्व्हचे वर्धक दुरुस्त करून वापरतात. त्यांनाही परतणाऱ्या विजेशी सामना करावा लागतो आणि आखूड तारा, धातूचा पडदा, उलट तालाचे छोटे धारित्र हीच पथ्ये पाळावी लागतात. शंभर वर्षांत निसर्गाचा नियम बदललेला नाही.

कृष्णस्वामी चेट्टी यांच्या कार्याकडे पाहताना हाच नियम वेगळ्या रूपात दिसतो. स्वतःकडेच परतणारी शक्ती शेवटी शिट्टी होते. बाहेर, इतरांपर्यंत जाणारी शक्ती आवाज होते. त्यांचा क्लब तीन वर्षांत बंद पडला. परंतु त्याचे यंत्र सार्वजनिक झाले आणि म्हणून त्यांचे नाव उरले. पुढच्या वेळी एखाद्या सभेत कर्णा शिट्टी घालू लागला आणि यंत्रचालकाने चावी किंचित मागे फिरविली, तर चाळीस वॅटवर शहराला गाणे ऐकविणाऱ्या या अभियंत्याची आठवण अवश्य ठेवा.

विचार करा आणि लिहा

1. सभेतील कर्ण्याची शिट्टी आणि व्हॉल्व्हमधील नको असलेली आंदोलने यांत कोणते साम्य आहे?
2. हेझेल्टाइन यांची युक्ती झोक्याच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
3. क्लबने आपला प्रक्षेपक महापालिकेकडे सोपविल्यामुळे सामान्य माणसाला कोणता लाभ झाला?
4. तुमच्या गावात किंवा शहरात मोजक्या लोकांनी सुरू केलेले व पुढे सर्वांचे झालेले एखादे कार्य असेल, तर त्याविषयी दहा ओळी लिहा.